खुळ्यांची थोरवी

कोल्हापूर महापालिका एका बाबतीत खुळी आहे, आणि तिच्या त्या खुळेपणाचं मनापासून कौतुक करायला हा लेख लिहितो आहे. रस्ते, कचरा, पंचगंगेत मिसळणारं सांडपाणी यांवरून तिला जी बोलणी बसतात ती रास्तच आहेत. पण तो नाकर्तेपणा झाला. मी म्हणतो तो खुळेपणा स्मशानातला. पंचगंगा स्मशानभूमीत मयत नेलं की महापालिका शेणी देते, लाकूड देते, आणि दहनाचा पैसा घेत नाही. कसबा बावड्यात, कदमवाडीत, बापट कॅम्पात तेच. दाखला बघतात, वहीत नोंद करतात आणि चिता रचायला जागा दाखवतात. रेशनकार्ड पिवळं की केशरी, गेलेला माणूस कमावता होता की घरात बसून होता, वय साठीच्या आत की बाहेर, यातलं काही विचारत नाहीत.

हिशेबाच्या वहीत हा व्यवहार कसा दिसतो ते बघा. शेणीचा दर चढला की महापालिकेचा खर्च चढतो. लाकूड महागलं, डिझेल महागलं, मजुरी वाढली, तरी बिल महापालिकेकडेच जातं. मयताच्या घराला त्यातलं काही कळतसुद्धा नाही. दहा वर्षांपूर्वी ज्याचा बाप गेला त्याला पुरी चिता मिळाली, आणि काल ज्याचा बाप गेला त्यालाही पुरीच मिळाली. सगळी महागाई संस्थेनं आपल्या अंगावर घेतली आणि दारात रडणाऱ्या माणसाला तिच्यातून मोकळं केलं. कुठलाही शहाणा हिशेबनीस सांगेल, की देणाऱ्यानं स्वतःला असं बांधून घ्यायचं नसतं. देणाऱ्यानं आकडा सांगून मोकळं व्हायचं असतं. आकडा एकदा सांगितला की पुढची महागाई घेणाऱ्याची.

दिल्लीतल्या शहाण्यांना हे पक्कं ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 1995 ला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर नैसर्गिक मृत्यूला 5,000 आणि अपघाताला 10,000 रुपये. 1998 ला दोन्हींना 10,000 झाले. 2012 च्या ऑक्टोबरात 20,000 झाले. आणि मग आकडा थांबला. 2012 हे वर्ष 100 धरून मोजला जाणारा किरकोळ महागाईचा निर्देशांक 2024 च्या अखेरीला 195 च्या आसपास पोचला. त्या 20,000 मध्ये जे येत होतं त्याला 37 ते 38 हजार लागायला लागले, आणि हातात पडत राहिले तेच 20,000. रक्कम कुणी कमी केली नाही. कमी करायला आदेश काढावा लागतो, त्यावर सही लागते, विधवांचा मोर्चा येतो, वर्तमानपत्रात बातमी होते. नुसतं गप्प बसलं की तेच काम होतं, रक्कम निम्म्यावर येते आणि कुणाचं नाव कुठं लागत नाही. याला राज्यकारभारातलं शहाणपण म्हणतात.

आता कुणी म्हणेल, महागाईबरोबर रक्कम वाढवत ठेवणं सरकारला जमत नसेल. जमतं, आणि फार छान जमतं. केंद्राच्या नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीपासून आणि जुलैपासून, निर्देशांकाला धरून सुधारला जातो. सातव्या वेतन आयोगात 2016 ला तो शून्यावरून पुन्हा सुरू झाला आणि 1 जानेवारी 2024 ला 50 टक्क्यांवर पोचला. हे योग्यच आहे. ज्यानं नोकरी केली त्याचा पगार झिजू नये. मला एवढंच दिसतं की सूत्र तयार आहे, निर्देशांक दर महिन्याला छापून येतो, गणित करणारी माणसं पगारावर आहेत, आणि त्या सगळ्या यंत्रणेला बांधकामावर विटा उचलणाऱ्याच्या विधवेचे 20,000 एकदाही सापडले नाहीत. ग्रामविकासाच्या संसदीय स्थायी समितीनं या सामाजिक सहाय्याच्या रकमा वाढवा असं पुन्हा पुन्हा लिहून दिलं. समितीचे अहवाल नीट बांधून ठेवलेले असणार.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खांना दिला आणि दहावा पढतमूर्खांना. दोघांना वेगळं काढलं ते बरं केलं. आपल्याकडे पहिल्या समासातली माणसं स्मशानात शेणी वाटतात आणि दहाव्या समासातली मंत्रालयात रकमा ठरवतात.

हे दोन जमाव कुठं एकमेकांना भिडतात ते बघायचं असेल तर कळंब्यात यावं. गारगोटी रस्त्यानं शहर संपता संपता तलाव लागतो, आणि त्या अंगाला कळंबे तर्फ ठाणे ही ग्रामपंचायत आहे. कोल्हापूरची नगरपालिका जाऊन 1972 ला महापालिका झाली, त्यानंतर पन्नास वर्षं हद्द तिथल्या तिथंच राहिली. हद्दवाढीच्या बाजूनं आणि विरोधात मोर्चे निघाले, बंद झाले, गावांनी ठराव केले. तोवर घरांनी कुणाची वाट बघितली नाही. शेतं गेली, कॉलन्या आल्या, अपार्टमेंट आली. आज कळंब्यातल्या नवख्या माणसाला आपण शहरात राहतो की गावात, हे घरफाळ्याची पावती बघूनच कळतं. आणि घरात मयत झालं की कळतं.

जुन्या कळंब्यात या गोष्टीला अडचण नव्हती. मयत झालं की भावकी जमायची, गल्लीतल्या घराघरांतून शेणी यायच्या, कुणी बांबू तोडून आणायचा, कुणी तिरडी बांधायचा, आणि त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून कडू घास यायचा. यात सरकार नव्हतं आणि आकडाही नव्हता. पण शेणी यायला घरामागं त्या रचून ठेवायची हुडवी लागते, हुडवीला गोठा लागतो आणि गोठ्याला म्हैस लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत यातलं काय ठेवणार? भावकी राधानगरीला, चंदगडला, नाहीतर सीमेपलीकडं निपाणीला. अशा घरातला माणूस पहाटे गेला तर सकाळी सातला पोरगा खिशात हात घालून मयताच्या सामानाच्या दुकानासमोर उभा असतो.

त्या दुकानात काय होतं ते मी बघितलेलं आहे. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गुलाल, हार, तूप, कापूर. दुकानदार विचारत नाही काय काय पाहिजे, तो स्वतःच काढून ठेवतो, कारण गिऱ्हाइकाला यादी माहीत नसते आणि यादी माहीत असायचं वयही नसतं. मग तो बेरीज सांगतो. आणि इथं एक गोष्ट घडते जी कोल्हापूरच्या बाजारात दुसरीकडं कुठं घडत नाही: कुणी घासाघीस करत नाही. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या पेंडीवर दोन रुपये सोडायला लावणारा माणूस इथं मान खाली घालून पैसे मोजतो. मयताच्या सामानाला मोल करू नये असं आपल्यात मानतात. दुकानदार लबाड असतो असं मी म्हणत नाही, बरेचदा तोच पैसे नंतर द्या म्हणतो. पण ज्या बाजारात गिऱ्हाइकाला तोंड नाही तिथं वाढलेला दर माघारी येत नाही. मग शववाहिका, तिचं भाडं. मग लाकूड, शेणी. महागाई कुठं बिनविरोध निवडून येते असं कुणी विचारलं तर ही जागा दाखवता येईल.

आणि नेमकं या जागेला शहाण्यांनी ठरावीक आकडा दिला.

तो आकडाही त्या सकाळी हातात नसतो. कुटुंब लाभासाठी मृत्यूचा दाखला लागतो, दारिद्र्यरेषेचा पुरावा लागतो, वयाचा लागतो, तलाठ्याचा अहवाल लागतो, पासबुक लागतं, आणि हे सगळं घेऊन तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेच्या शाखेत जावं लागतं. प्रकरण मंजूर व्हायला महिने जातात. चितेला तेवढा धीर धरता येत नाही. म्हणून त्या दिवशीचा खर्च उसनवारीवर होतो, बचत गटातून उचल घेऊन होतो, नाहीतर बायकोचे कानातले ठेवून होतो. सरकारची रक्कम येते ती व्याज फेडायला.

शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतला कामगार असेल तर त्याचं जरा बरं. कर्मचारी राज्य विम्यात अंत्यविधीच्या खर्चाची वेगळी तरतूद आहे, आणि 2018 ला तिथली रक्कम 10,000 वरून 15,000 करायचं ठरलं. म्हणजे तिथं अधूनमधून कुणीतरी जागं होतं, याचं श्रेय द्यायला पाहिजे. मात्र नियम असा की प्रत्यक्ष खर्च किंवा 15,000, यांत जे कमी ते मिळणार, आणि दावा मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचा. खर्च कमी झाला तर सरकार खर्चाबरोबर खाली उतरतं. खर्च जास्त झाला तर सरकार 15,000 वर थांबतं आणि माणूस एकटा पुढं जातो.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडं तर अंत्यविधीसाठी 10,000 रुपयांची खास योजना आहे. नोंदीत कामगार 50 ते 60 या वयात गेला तर ती लागू होते. मंडळ नैसर्गिक मृत्यूला वेगळे दोन लाख देतं, ते मोलाचे आहेत, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण पस्तिसाव्या वर्षी परांचीवरून पडलेल्या पोराच्या चितेला लाकूड कमी लागतं, असा शोध कुणाला कसा लागला, हे समजून घ्यायची माझी खरंच इच्छा आहे.

नावं मात्र देशभर भारी ठेवतात. ओडिशात हरिश्चंद्राच्या नावानं मदत आहे: खेड्यात 2,000, शहरात 3,000. बिहारात कबीराच्या नावानं अनुदान आहे, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच हजारांचं. पश्चिम बंगालनं 2016 ला ‘समव्यथी’ नावाची योजना काढली, 2,000 रुपयांची. यातली प्रत्येक योजना चांगल्या भावनेनं सुरू झालेली आहे, आणि अगदी गरिबाला त्या दिवशी 2,000 सुद्धा हाताला लागले तर मोठा आधार होतो. पण नाव हरिश्चंद्राचं घेतलं की त्याची गोष्टही आठवायला पाहिजे. स्मशानात पोराच्या दहनाचा कर मागायची वेळ त्याच्यावर आली होती, आणि समोर त्याचीच राणी उभी होती, हातात काही नसलेली. त्या कथेतून आपण योजनेला नाव घेतलं. कर घेऊच नये, ही गोष्ट घेतली कोल्हापूरनं, नाव न घेता.

आकडा ठरवून विसरायचा हा रोग आपलाच आहे असं मानायचं कारण नाही. ब्रिटननं 1949 ला मृत्यूमागं 20 पौंडांपर्यंत मदत द्यायला सुरुवात केली, 1967 ला 30 केले, आणि वीस वर्षं त्याला हात लावला नाही. 1987 पर्यंत त्या 30 पौंडांत काही येईना, तेव्हा एवढ्याशा रकमेचा काय उपयोग म्हणून ती मदतच रद्द केली. पुढं गरिबांसाठी जी मदत ठेवली, तिच्यातली इतर खर्चाची मर्यादा 2003 ला 700 पौंड ठरली आणि 2020 पर्यंत 700 च राहिली. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेतून मिळणारी मृत्यूनंतरची एकरकमी मदत 1954 पासून 255 डॉलरच्या वर गेलेली नाही. कॅनडानं 1998 ला आपली रक्कम खाली आणून 2,500 डॉलरवर बसवली, आणि 2024 च्या अखेरीपर्यंत ती तशीच बसून राहिली. ब्रिटनच्या गोष्टीत एक धडा आहे, तो आपल्या शहाण्यांनी आधीच गिरवायला घेतलेला दिसतो: रक्कम आधी कुजू द्यायची, आणि मग कुजली म्हणून टाकून द्यायची.

शेणी कुजत नाही. म्हणजे भिजली तर कुजते, म्हणून तिला जपावं लागतं; पण तिची धग 1995 ला होती तेवढीच आज आहे. म्हशीचं शेण, त्यात भुसा कालवलेला, हातानं थापलेली, एका बाजूनं वाळली की उलटून दुसऱ्या बाजूनं वाळवलेली. मृगाच्या आधी ती हुडवीत रचायची आणि वरून शेणानं लिंपून घ्यायची, म्हणजे पावसाचा थेंब आत जात नाही. चितेला वाळलेली शेणी लागते. ओली धुमसते, धूर करते, आणि दहन अर्धवट राहतं. ते घरच्यांना बघवत नाही. करवीर तालुक्यातल्या बायका हे सगळं हातानं करतात, आणि स्मशानात काम करणारी माणसं ते हातानं रचतात. महापालिकेचा खुळेपणा या हातांवर उभा आहे, आणि त्या हातांना काय मिळतं हा प्रश्न कोल्हापूरनं स्वतःला विचारायला पाहिजे. शववाहिकेच्या दारात आपण स्मशानातल्या कामगाराला हात जोडतो. त्याचा पगार वेळेवर होतो का, हातमोजे मिळतात का, हे घरी आल्यावर विसरतो.

या खुळेपणाला साथ द्यायला शहरही तेवढंच खुळं निघालं. होळीला शेणी पेटवायची हा कोल्हापूरचा आनंद. गल्लोगल्ली स्पर्धा, कुणाची होळी मोठी. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ म्हटलं, आणि कोल्हापुरात त्याच्या जोडीला शेणीदान आलं. तालमी आणि तरुण मंडळं होळी आटोपशीर पेटवतात आणि उरलेल्या शेणी ट्रॉलीत भरून पंचगंगा स्मशानभूमीत नेऊन टाकतात. ढोल-ताशासाठी, डॉल्बीसाठी ज्या मंडळांना आपण नावं ठेवतो तीच ही मंडळं. कोरोनात जेव्हा रोज मयतांची रांग लागत होती तेव्हाही लोक शेणी घेऊन येत राहिले. महापुरात पंचगंगेचं पाणी स्मशानभूमीत शिरतं, 2019 ला आणि 2021 ला शिरलं, तेव्हा दहन दुसऱ्या स्मशानभूमीत हलवावं लागतं. तिथंही पैसे मागितले जात नाहीत.

शहाण्यांचा शेवटचा आक्षेप ठरलेला असतो: बंगलेवाल्याच्या बापालाही फुकट कशाला? गरजूंपुरतं ठेवा. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण गरजूंपुरतं म्हटलं की स्मशानाच्या दारात टेबल येतं, टेबलामागं माणूस येतो, आणि बापाला खांद्यावरून उतरवलेल्या पोराला आधी आपली गरिबी सिद्ध करावी लागते. सगळ्यांना फुकट असलं की कुणाची गरिबी दिसत नाही. बंगलेवाला तिथल्या दानपेटीत टाकतो, पुढच्या होळीला शेणीच्या ट्रॉलीचे पैसे देतो. गैरवापराची भीती म्हणाल तर ही अशी एकच सरकारी मदत आहे जी घ्यायला कुणी दोनदा येत नाही.

बाराव्या-तेराव्याच्या पंगती, पाहुण्यांची उठबस, उत्तरकार्याचे पत्रे आणि मांडव, हे सरकारनं करावं असं मी अजिबात म्हणणार नाही. तो खर्च आपला आपण कमी करायचा आहे, आणि ज्या भावकीला कर्ज काढून बाराव्याला जेवायची सवय आहे तिला तोंडावर सांगायचं आहे. सरकारकडं मागायचं ते फक्त अग्नीचं. माणूस गेल्यावर पहिल्या काही तासांत जे लागतं तेवढं.

त्यासाठी फार डोकं लागणार नाही. कुटुंब लाभाची आणि अंत्यविधीची प्रत्येक रक्कम महागाई भत्त्याच्याच निर्देशांकाला बांधावी; गणित तयार आहे, त्यात एक ओळ वाढेल. बांधकाम मंडळानं 50 ते 60 ची अट काढून टाकावी. आणि कळंबे तर्फ ठाणेसारख्या शहराला चिकटलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आकडा ठरवायच्या भानगडीत पडूच नये. ग्रामनिधीतून शेणीचा साठा करावा, त्यावर पक्कं छप्पर घालावं, शववाहिकेची सोय ठेवावी आणि गावात राहणाऱ्या प्रत्येकाला, भाडेकरूसकट, विनाप्रश्न द्यावं. हद्दवाढ होवो न होवो, एवढा खुळेपणा हद्दीपलीकडं यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. पुढची ग्रामसभा ज्या दिवशी असेल त्या दिवशी कळंब्यातल्या वाचकांनी उठून हा विषय मांडावा. आणि शहरातल्या मंडळांनी येत्या होळीला एक ट्रॉली इकडंही धाडावी. वाळलेल्या शेणी द्या, आणि पावसाआधी द्या.